वाढला

पहिला हेडलाइट आला एप्रिलच्या शेवटी,
मानेवाडा रोडवर दुपारी कुत्रंही दिसत नाही तेव्हा.
उईके नावाचा पोरगा, तोंडाला ओला दुपट्टा,
खोका देताना म्हणाला,
"मॅडम, आतून थोडा वाजून राहिला."

खोका कुकरचा. वर कुकरचंच चित्र.
आत माझ्या अठ्ठ्याण्णवच्या मारुतीचा उजवा डोळा
आणि त्याच्या सोबतीला हवेची एक उशी,
तीही बसलेली.
उघडला तर खडीसाखर सांडावी
तशी काच फरशीवर.

फोनवरची मुलगी फार गोड बोलली.
चारही बाजूंनी फोटो काढा, म्हणाली.
चार बाजू उरल्या नव्हत्या, तरी काढले.

दुसरा आला आठ दिवसांनी, भल्यामोठ्या खोक्यात,
इतक्या मोठ्या, की दिल्लीहून
कोलांट्या मारतच आला असणार.
वर लाल पट्टी: नाजूक वस्तू, सांभाळून हाताळा.
पट्टी तेवढी नीट चिकटवली होती.

गुणवंत मिस्त्रीने तुकडा उचलून उन्हात धरला.
"काऊन मागवता जी असं?"
मग स्वतःच म्हणाला,
"पण इथं भेटते कुठं आता. मीही पाहिलं."

तोवर मी एका डोळ्याने गाडी चालवते.
रात्री बेसा रोडला समोरून येणारे
मला स्कूटर समजतात
आणि स्कूटरपुरताच रस्ता सोडतात.

तिसरा हवा तर दुसरा आधी परत करा,
मूळ पॅकिंगमध्ये,
असा निरोप आला.
मूळ पॅकिंग!
मी खोक्यात वाकून पाहिलं,
तळाशी एक बिल होतं, घडी न केलेलं.

आई पलंगावरून बघत होती.
इतवारीतल्या दुकानात चाळीस वर्षं
तिने लोकांच्या मनगटांत बांगड्या भरल्या.
माल यायचा फिरोजाबादचा, लाकडी पेटीत, गवतात.
ती डोळे मिटून कोपरापर्यंत हात घालायची
आणि बोटांनीच सांगायची,
या थरात दोन गेल्या.
गेल्या म्हणायची, किंवा वाढल्या.
फुटली म्हटलं की माझ्या हातावर चापट.

परतीच्या फॉर्मवर कारण निवडायचं होतं:
तुटलेले, चुकीचे, आता नको.
वाढला, असं कुठेच नव्हतं.

"तणस आण," आई म्हणाली.
कळमन्याच्या बाजारातून आणलं,
फळांच्या पेट्यांतलं, अजून गोडसर वास येणारं.
तिची जुनी सुती साडी फाडली, तिच्याच हुकुमाने.
"कोपरे आधी भर. मधे सगळेच भरतात."
भरले.
"हलव."
हलवला. किंचित बोलला.
"अजून भर."

घाम नाकावरून थेट खोक्यात पडत होता,
कूलरचं पाणी संपलं होतं,
आणि मी साडेसातशे रुपयांच्या मोडक्या वस्तूपुढे
मांडी घालून बसले होते.
"आई, अगं, गेलेलाच आहे तो."

तिने चष्मा कपाळावर सरकवला.
"म्हणून काय झालं?
आणखी वाढू नये."

संध्याकाळी उईके आला.
सवयीने खोका कानाशी नेऊन हलवला,
पुन्हा हलवला,
माझ्याकडे पाहिलं.
"मॅडम, यात तं काहीच वाजून नाही राहिलं.
खाली पाठवता का?"

आतून आईचा आवाज आला,
"त्याला पाणी दे आधी."